वाचक विचारतात : पूर ओसरल्यावर मदतीला जाताना

प्रश्न : २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा जायची खूप इच्छा होती, पण कुठे जायचे आणि काय करायचे हेच कळेना. पुढच्या वेळी आम्ही सहा मित्र जाणार आहोत. तयारी काय करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाणी चढत असताना निघू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली होती. पाण्यातले काम शिकलेल्यांनाच करू द्यावे. त्याच दिवसांत पुणे-बेंगळुरू महामार्गही कोल्हापूरजवळ बंद होता. तेव्हा आधी त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करून रस्त्याची चौकशी करा. क्रमांक १०७७, बाहेरून लावताना त्याआधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड.

तुमची खरी गरज पाणी उतरल्यावर लगेच लागते, गाळ ओला आहे तोवर. वाळला की फावडे चालत नाही, पहार घ्यावी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत अर्धा फूट गाळ म्हणजे ६० घनफूट, वजन जवळजवळ तीन टन. बारा किलोचे घमेले धरले तर अडीचशे फेऱ्या. एका खोलीचा हा हिशेब! म्हणून सहा जणांनी ‘दिवसाला चार घरे’ असले बेत करू नयेत. दोघे फावड्यावर, तिघे घमेली पुढे देणारे, एक बाहेर ओतणारा, आणि दर अर्ध्या तासाला अदलाबदल. गाळ गटारात लोटू नका. गटार तुंबले की तेच पाणी परत घरात येते. ट्रॅक्टर किंवा जेसीबीला उचलता येईल असा रस्त्याकडेला ढीग घाला.

सोबत तीन फावडी, सहा घमेली, एक पहार, दोन रबरी वायपर, दोन खराटे आणि सर्वांना गमबूट न्या. चपलेवर चिखलात उतरलात तर खिळा नाहीतर काच ठरलेली. जेवण आणि माणशी पाच लिटर पाणी आपले आपण न्यायचे. ज्यांच्या चुलीत गाळ आहे त्यांच्याकडे चहाची वाट बघू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन आधी घ्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून-चिखलातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात, पण डॉक्टरांना विचारूनच; गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ते घ्यायचे नसते. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगा.

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे ना बघा, आणि इन्व्हर्टरही. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर वायरिंगमध्ये वीज सोडतच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मातीच्या भिंतीला पोट आले असेल किंवा नवी भेग दिसली तर आत जाऊ नका. अशा भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर बसतात. ओल्या गाद्या हाताने उचलण्याआधी काठीने हलवा. खाली साप असू शकतो.

प्रश्न : आमचे गाव नदीकाठी आहे. पुरानंतर बाहेरून पोरे येतात, पण निम्मी चौकात उभी राहतात आणि एकाच घरात वीस जण घुसतात. मंडळाने काय करावे?
– गणेश मंडळाचा कार्यकर्ता, शिरोळ तालुका

उत्तर : शाळेत किंवा देवळात एक टेबल मांडा आणि प्रत्येक घराचे एक कार्ड करा. त्यावर घरमालकाचे नाव, फोन, खोल्या किती, गाळ किती, घरात म्हातारे-आजारी कोण, वीज बंद केली का आणि पंचनामा झाला का, एवढेच लिहा. सहा जणांच्या तुकडीला एक कार्ड द्यायचे. काम संपले की कार्ड परत, मगच दुसरे. दुसऱ्या वहीत येणाऱ्याचे नाव, घरच्या माणसाचा फोन, गेल्याची आणि परतल्याची वेळ. अंधार पडायच्या आत सगळी कार्डे टेबलावर आली नाहीत तर कोण राहिले ते लगेच कळते.

पंचनाम्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उत्साहाच्या भरात पोरे भिजलेले धान्य, कपाट, टीव्ही बाहेर फेकतात आणि तलाठी येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. भिंतीवरची पाण्याची खूण आणि प्रत्येक खराब वस्तू यांचे फोटो घरमालकाच्याच मोबाईलवर काढा. त्याला विचारल्याशिवाय काही टाकू नका. गाळात रुतलेली दुचाकी चालू करून बघण्याचा मोह तर अजिबात नको. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर आहे ते इंजिनही जाते.

मंडळातल्या चार-पाच जणांनी ‘आपदा मित्र’ या सरकारी स्वयंसेवक योजनेचे बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतले तर उत्तमच. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा.

प्रश्न : विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी पाणी मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये), त्याला ७८५ ने गुणले की लिटर येतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला हे प्रमाण पुरत नाही. आधी उपसा करावा आणि नंतरचा डोस आरोग्यसेवकाकडून ठरवून घ्यावा.

पावडर थेट विहिरीत उधळू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, पाऊण बादली पाणी घाला, दहा मिनिटे थांबा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीत सोडा आणि बादली खालीवर हलवा. तळाचा चुना टाकून द्यायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होते. तासभर कुणी पाणी भरू नये. ओलसर किंवा जुन्या पोत्यातल्या पावडरीत क्लोरीन उरलेला नसतो, त्यामुळे तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी) घेतल्याशिवाय पाणी पिऊ नये.