टी-३४/८५ चा बुरूज घासून गुळगुळीत झालाय, आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर १/७२ प्रमाणातली विमानांची मॉडेलं केली, पहिल्यांदाच १/३५ चा टी-३४/८५, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत रणगाडा, घेतला. विमानाच्या सवयीने बुरुजाभोवतीची (बुरूज म्हणजे तोफ असलेला, फिरणारा वरचा भाग) उंचवट्याची रेघ आणि सगळा खरखरीतपणा पॉलिश पेपरने काढून टाकला. प्रायमर मारल्यावर तो खेळण्यातल्यासारखा दिसतोय. शिवाय ट्रॅक (चाकांवरचा साखळीसारखा पट्टा) आणि बर्लिनच्या लढाईतला पांढरा पट्टा कसा करायचा? आणि मुख्य म्हणजे, नवीन किट घ्यावं का?

अजिबात नको. दोन संध्याकाळींत बुरूज पूर्ववत होईल, कदाचित किटमध्ये होता त्याहून चांगला.

तुम्ही काढलीत ती रेघ किटच्या साच्याची नव्हती, ती खऱ्या रणगाड्यावरही असते. हा बुरूज वाळूच्या साच्यात ओतायचे. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे थोडं पोलाद बाहेर येतं आणि बुरुजाभोवती शिवण राहते. कारखान्यागणिक तिची जागा बदलते, म्हणून जाणकार नुसती शिवण पाहून रणगाडा कुठला ते ओळखतात. विमानाचा पत्रा हवेसाठी गुळगुळीत लागतो. इथे त्याची गरजच नव्हती. १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्यावर खारकोव्हचा १८३ क्रमांकाचा कारखाना उचलून उरलमध्ये निझ्नी तागिलला नेला. यंत्रांवर बायका आणि कोवळी पोरं उभी राहिली. जे लढाईत कामाला येत नाही त्यावर एक मिनिटही घालवायचं नाही, असा तो काळ. तोफ बसते ती जागा, बुरूज फिरतो ती कडी नीट कातलेली असायची, बाहेरची बाजू साच्यातून निघाली तशीच. त्या खडबडीत पोलादात मला ती माणसं दिसतात. म्हणून ते पुसलं गेलं की वाईट वाटतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. पुढे कधी ७६ मिमी तोफेचा टी-३४ केलात आणि त्याला स्वेर्दलोव्स्कच्या उरलमाश कारखान्याचा दाबून घडवलेला बुरूज असेल, तर तो गुळगुळीतच हवा. जाड पत्रा प्रचंड प्रेसखाली दाबून तो बनवायचे, त्यावर ओतकामाचा पोत नसतो. तिथे तुमची सवय उपयोगी पडेल.

आता कृती. टामिया कंपनीची साधी मॉडेलची पुट्टी टाइलच्या तुकड्यावर घ्या आणि लॅकर थिनर घालून घट्ट बासुंदीइतकी पातळ करा. जुना, राठ केसांचा ब्रश अर्ध्यावर कापा. बुरुजाचा रुपयाच्या नाण्याएवढा भाग घेऊन तिथे पुट्टी लावा आणि ब्रश उभा धरून टिपत राहा. फिरवायचा नाही, फक्त टिपायचा. थिनर लवकर उडतो, म्हणून मोठा भाग एकदम घेऊ नका. पूर्ण बुरूज झाला की रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ६०० चा पेपर हलक्या हाताने फिरवून फक्त टोकं खाली बसवा.

किती उठाव ठेवायचा? इथे बहुतेकांचं चुकतं. १/३५ मध्ये ०.१ मिमी म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन मिमी. साध्या कागदाच्या जाडीएवढा उंचवटा पुरे. त्याहून जास्त झालं की पोलाद न दिसता संत्र्याचं साल दिसतं, आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) दिल्यावर ते आणखी उठून येतं. शंका आली तर कमी ठेवा. सगळीकडे सारखाही नको. एखादा भाग जवळजवळ सपाट, एखादा जास्त खरबरीत.

पुट्टी फक्त ओतीव भागांवर लावा: बुरुजाच्या भिंती, तोफेभोवतीचं ओतीव आवरण, कमांडरचा घुमट. बुरुजाचं छत वेगळ्या पत्र्याचं, वर वेल्ड केलेलं असतं, ते सपाटच ठेवा. खालचा सांगाडाही रोल केलेल्या पत्र्याचा, पुढची तिरपी पाटी ४५ मिमी जाड. सांगाड्याला पुट्टी लावलेली मॉडेलं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती चूकच आहे. पत्र्यांच्या उघड्या कडांवर मात्र गॅस कटिंगच्या बारीक उभ्या रेघा असतात. कानशीच्या कडेने त्या ओढा.

शिवण परत आणायला किटच्या फ्रेमचा (सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या काडीचा) तुकडा मेणबत्तीवर तापवून दोऱ्याइतका बारीक ताणा. फोटो पाहून पेन्सिलने रेघ आखा, त्यावर तो चिकटवा. पातळ सिमेंटने (मॉडेलच्या प्लास्टिकला मऊ करणाऱ्या गोंदाने) मऊ झाला की सुरीच्या पात्याने मधे मधे दाबा आणि अर्ध्या तासाने ठिकठिकाणी घासून बुजवा. छत आणि भिंत मिळतात तिथलं वेल्डिंगही याच युक्तीने होतं, फक्त दाब सलग आणि जवळजवळ द्या.

ओतीव पोलाद प्रत्यक्ष बघायचं असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या. तिथला पॅटन अमेरिकी, पण बुरूज ओतीवच आहे. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, भर दुपारी पोत दिसत नाही. मी तिथे तासभर उभा राहिलो तेव्हा पुट्टी किती कमी लावायची ते खरं समजलं.

ट्रॅकबद्दल विचारलंत. टी-३४ ला वरच्या बाजूने आधाराच्या छोट्या चाकट्या नाहीत, त्यामुळे ट्रॅक पाचही मोठ्या चाकांवर सैल पडतो आणि चाकांमध्ये झोळ घेतो. झोळ नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही रणगाडा हलका, पोकळ वाटतो. सुट्या कड्यांचा ट्रॅक असेल तर एक दात्याची, एक सपाट, असा क्रम सांभाळा. सलग पट्टा असेल तर चाकांच्या डोक्यावर चिकटवा आणि मधे स्पंजचा तुकडा दाबून वाळू द्या. जुन्या किटमधला मऊ व्हिनाइल पट्टा मात्र रंग न देता चाकांवर ठेवू नका. माझ्या एका मॉडेलची चाकं काही वर्षांत त्या पट्ट्याने अक्षरशः वितळवली.

रंग एकच, ४ बीओ नावाचा सोव्हिएत लष्करी हिरवा. त्याची नेमकी छटा कोणती यावर भांडत बसू नका. बाटलीतल्या रंगात थोडा पिवळसर मिसळून फिका करा, कारण एवढ्या छोट्या वस्तूवर गडद रंग काळा दिसतो. पावसाळ्यात लॅकर फवारताना पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस बघूनच एअरब्रश काढा. गंजही आवरता घ्या. आघाडीवर यातले पुष्कळ रणगाडे काही महिनेच टिकले, गंज चढायला वेळ कुठला? एक्झॉस्टवर द्या, ट्रॅकवर द्या. बाकी धूळ, चिखल, इंजिनाच्या झाकणांवर तेल.

शेवटचा प्रश्न बर्लिनच्या पांढऱ्या पट्ट्याचा. १९४५ च्या त्या लढाईत आपल्याच विमानांनी आणि तोफांनी ओळखावं म्हणून बुरुजाभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरी फुली रंगवत. किटमध्ये त्याचा डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) आहे, तो वापरू नका. नव्या खरबरीत पृष्ठभागावर तो नीट बसणार नाही, खाली हवा राहून चकाकेल. खरा पट्टाही घाईत, ब्रशनेच मारलेला असायचा. तुम्हीही ब्रशनेच मारा, पांढऱ्यात कणभर राखाडी मिसळून, दोन पातळ हात. हँडरेलच्या मागे जिथे ब्रश पोचत नाही तिथे हिरवा दिसत राहिला तर तसाच ठेवा.