पाझर तलावावरची पक्षीफेरी: व्हीलचेअरवरच्या, अंध आणि कर्णबधिर लोकांना सामावून घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचं मंडळ गावालगतच्या पाझर तलावावर दर रविवारी पक्षीनिरीक्षण घेतं, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी "आम्ही आलो तर चालेल का?" असं विचारलं, आणि मंडळाकडे पैसा फारसा नाही. मी पुण्यात टेकड्यांवर आणि तळ्यांवर अशा फेऱ्या घेते. माझ्या मते पैशाचा प्रश्न बराच नंतर येतो. आधी त्या मुलीशी बोला. वडिलांशी नाही, तिच्याशी. खुर्ची हाताने ढकलायची आहे की बॅटरीवरची, ती किती वेळ बसू शकते, उन्हाचा त्रास होतो का, तिला नक्की काय बघायचंय. मग मोजपट्टी घेऊन तिच्याबरोबर वाट तपासा.

बहुतेक ठिकाणी पहिली अडचण फाटकातच येते. दुचाकी आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून आपण लोखंडी पाइपांचं वळणाचं फाटक बसवतो किंवा दोन फुटांवर खांब पुरतो. साधी व्हीलचेअरच ६५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते, वर चाक फिरवणाऱ्या हातांना जागा हवी. म्हणजे ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागतेच. पण तेवढ्यातून मोटारसायकलही आरामात जाते, त्यामुळे नुसते खांब एकमेकांपासून लांब पुरून भागत नाही. शेजारी एक रुंद फाटक ठेवा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली कुणाकडे आहे ते फोन नंबरासह पाटीवर लिहा. किल्ली निदान दोघांकडे असू द्या. एकजण लग्नाला गेला म्हणून कुणाला दारातून परत जावं लागू नये.

वाटेचं म्हणाल तर पाझर तलावाला एक मोठी सोय आधीच असते, ती म्हणजे बांध. बांधाचा माथा सपाट असतो, बऱ्याच ठिकाणी मुरूम टाकून दाबलेला, आणि वरून पाणी स्वच्छ दिसतं. काठाच्या चिखलातून वाट काढण्यापेक्षा बांधावर चढायची जागा नीट करा. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उताराचं प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. उघड्यावर मी १:२० च्या जवळ जायचा आग्रह धरते, कारण चढ लांब असला की हात भरून येतात. सुटी खडी टाकू नका, चाकं रुततात. मुरूम रोलरने दाबा आणि कडेला पाणी जायला चर काढा, नाहीतर एका पावसाळ्यात सगळं वाहून जाईल. खुर्ची वळवायला अधूनमधून दीड मीटर रुंद जागा हवी, आणि पाण्याच्या बाजूला कठडा.

निरीक्षण मनोरा बांधायचा विचार असेल तर आधी लपण बांधा, म्हणजे पक्ष्यांना न दिसता फटींतून बघायचा आडोसा. मनोरा म्हटला की जिना आलाच. लपण जमिनीच्या पातळीवर असतं, फटी दोन उंचीवर ठेवल्या की बसलेल्याला, लहान मुलांना आणि उभ्या माणसाला सारखंच दिसतं. दुर्बीण धरता येत नसेल तर खाली केलेल्या तिवईवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लावा. "चार पोरं खुर्ची उचलून नेतील" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. मोठ्या माणसाला गाठोड्यासारखं उचलून नेणं ही सोय नव्हे.

स्वच्छतागृह नसेल तर बायका, वयस्कर आणि अपंग माणसं येतच नाहीत, आणि तसं बोलूनही दाखवत नाहीत. जवळच्या शाळेशी किंवा ग्रामपंचायतीशी बोलून रविवारी सकाळी त्यांचं उघडं ठेवता येतं. तिथे पायरी आहे का, दार किती रुंद आहे, तेही मोजा.

अंध लोकांसाठी तलाव ही फार श्रीमंत जागा आहे. वारकरी पक्षी उडण्याआधी पाण्यावर पाय आपटत धावतात, तो फडफडाट लांबून ऐकू येतो. चक्रवाकांचा कर्ण्यासारखा आवाज, टिटवीची टिवटिव, बाभळीतून भारद्वाजाचं कूप-कूप. या फेरीत पंधरा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, एवढाच नियम पुरतो. बाभळीची भेगाळ साल आणि अर्जुनाची गुळगुळीत साल हाताला लागू द्या. वाटेत अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका, त्यांना तुमच्या कोपराला धरू द्या. कर्णबधिर सोबत असतील तर दुर्बिणीला डोळा लावून बोलू नका. आधी त्यांच्याकडे तोंड करून सांगा, मग पाखराकडे वळा. सांकेतिक भाषा येणारं कुणी मिळालं तर उत्तमच.

मदतनिसाकडून फी घेऊ नका. पक्ष्यांची नावं मराठीत सांगा, थापट्या, शेकाट्या, चित्रबलाक; म्हणजे तलावावर मासे धरणारी माणसंही बोलायला लागतात, आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाची एक वेगळी सहल काढून फोटो टाकायचे, हे करू नका. नेहमीच्याच रविवारी, नेहमीच्याच लोकांबरोबर बोलवा.

फेरीच्या जाहिरातीत खरी माहिती द्या: अंतर, चढ, जमीन कशी आहे, सावली, बसायला जागा, स्वच्छतागृह, बसथांबा किती लांब. "सर्वांसाठी सोपी वाट" असं लिहून भागत नाही, कारण ते वाचून कुणालाही निर्णय घेता येत नाही. अमेरिकेत व्हीलचेअर वापरणाऱ्या व्हर्जिनिया रोझ यांनी सुरू केलेली 'बर्डॅबिलिटी' ही संस्था पक्षीनिरीक्षणाच्या जागांची अशीच माहिती लोकांकडून नकाशावर गोळा करते. तुमच्या तालुक्यातल्या चार जागांची तशी यादी तुम्ही एका महिन्यात करू शकाल.

शेवटी परवानगी. बांध ज्या खात्याचा असेल त्याला विचारल्याशिवाय काही बांधू नका. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा उल्लेख करा. त्याचं कलम २९ करमणूक आणि सांस्कृतिक जीवनात समान सहभागाबद्दल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता यावी यासाठीचे, निकष बंधनकारक करायला केंद्राला सांगितलं, तेही लिहा. सोबत फाटकाचे, चढाचे फोटो आणि मापं जोडा, आणि अर्जावर त्या मुलीचीही सही घ्या, तिची इच्छा असेल तर.