‘आमचा रोबोट त्यांनी बघून बनवला’

रोबोटिक्स स्पर्धांचा मोसम सुरू झाला की ही तक्रार घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतंच. बहुतेकदा पालक, क्वचित मुलं स्वतः. "रात्र रात्र जागून डिझाइन केलं, कौतुकाने व्हिडिओ टाकला आणि समोरच्या टीमने जसंच्या तसं उचललं. आता पोरांना काय सांगायचं? यापुढे कुणाला काही दाखवू नका, असंच ना?" मी यावर सरळ हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. का, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सोळा वर्षांची. टीममध्ये मेकॅनिकलची बाजू तिच्याकडे. जमिनीवरचे चेंडू रोबोटच्या पोटात ओढून घेणारी यंत्रणा, म्हणजे इनटेक, तिने उभी केली होती. ती पहिल्यांदा नीट चालली त्या दिवशी टीमने व्हिडिओ टाकला. पुढे स्पर्धेत गेले तर एका टीमच्या रोबोटवर तसाच इनटेक. तोच आकार, रोलरची तीच मांडणी. आणि गुण त्यांचे जास्त.

त्यानंतर तिने रोबोटवर कापड टाकायला सुरुवात केली. ग्रुपवरचे फोटो काढायला लावले, सामायिक ड्राइव्हचे पासवर्ड बदलले. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या एका मुलाने दुसऱ्या टीममधल्या मित्राला एक फोटो पाठवल्याचं कळल्यावर सगळ्यांसमोर त्याला फितूर म्हणाली. त्याने टीम सोडली. घरी झोप नाही, चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. वडील म्हणाले, "मॅडम, तिचं चूक आहे असं मला वाटत नाही. जग असंच आहे. फक्त तिने इतका त्रास करून घेऊ नये, एवढं बघा."

वडील बोलत होते तोवर ती खिडकीकडे बघत बसली. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं तरी फार काही बोलली नाही. ‘सगळ्यांनी मिळून शिकावं’ वगैरे मी सुरू करणार असं तिला वाटलं असावं, कारण तिनेच आधी सांगून टाकलं, "ग्रेशस प्रोफेशनॅलिझम मला पाठ आहे. पोस्टर आहे आमच्या वर्कशॉपमध्ये." जीव तोडून स्पर्धा करा पण समोरच्याचा मान राखा, असा त्याचा साधारण अर्थ. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी ही कल्पना ‘फर्स्ट’ या संस्थेच्या रोबोटिक्स स्पर्धांमध्ये रुजवली. कल्पना चांगलीच आहे. पण दुखावलेल्या मुलाच्या तोंडावर सुविचार फेकला की ते आणखी मिटून जातं, हे मी अनेकदा पाहिलंय.

म्हणून तिला कागद दिला आणि म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. तुझा इनटेक काढून दाखव. आणि प्रत्येक भागाशेजारी लिही, हे सुचलं कुठून."

इथे ती खुलली. रोलरवरची मऊ रबरी चाकं तर बाजारातच मिळतात. रोबोटच्या पुढच्या काठावरून बाहेर झेपावणारी रचना तिने ‘रोबोट इन थ्री डेज’ प्रकारातल्या एका व्हिडिओत पाहिली होती. त्या वर्षीचा खेळ जाहीर झाल्यावर काही अनुभवी मंडळी तीन दिवसांत रोबोट बनवून सगळं खुलं करतात, ते व्हिडिओ. साखळीऐवजी पट्टा लावायचा सल्ला मेंटरचा. रोलरचा वेग आणि चेंडूवर पडणारा दाब मात्र तिने स्वतः करून, मोडून, पुन्हा करून ठरवलेला. बाजूच्या पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्यांचा आकारही तिचा.

कागद भरल्यावर ती जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे मीही चोरच, असं तुम्हाला म्हणायचंय."

मला तसं म्हणायचं नव्हतं आणि ते मी स्पष्ट सांगितलं. खेळ एक, चेंडू एक, रोबोटच्या मापाची मर्यादा एक, साहित्याचे पुरवठादार तेच आणि व्हिडिओही सगळे तेच बघतात. मग चांगले रोबोट एकमेकांसारखे दिसायला लागतात. दिसणं सारखं म्हणजे चोरी झालीच असं नाही. पण तिच्या बाबतीत त्या टीमने तिचा व्हिडिओ पाहिला असणार, याबद्दल मलाही शंका नव्हती. पट्टीचा तो वेडावाकडा आकार आपोआप दुसऱ्या कुणाला सुचला असेल, हे पटण्यासारखं नाही.

मग पट्टीचा विषय निघाला तसा खरा काटा बाहेर आला. व्हिडिओ टाकल्यानंतर काही दिवसांतच तिच्या पट्ट्यांना नटांच्या भोवती बारीक तडे गेले होते. नट सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर लावलं होतं आणि ते पॉलिकार्बोनेटला लागलं तर प्लॅस्टिक तडकतं. हे शोधून काढायला तिला बराच वेळ लागला. मग तिने पट्ट्या नव्या कापल्या, थ्रेडलॉकर बंद करून नायलॉक, म्हणजे आपोआप घट्ट राहणारे, नट घातले. व्हिडिओत होती ती जुनी आवृत्ती. स्पर्धेच्या दिवशी समोरच्या टीमच्या पिटजवळून, म्हणजे रोबोट दुरुस्त करायच्या जागेजवळून, जाताना तिला त्यांच्या पट्टीवर, नटाशेजारी, अगदी तसाच केसाएवढा तडा दिसला.

"आणि मी काही बोलले नाही. मला बरं वाटलं."

पुढच्याच सामन्यात संगणकाने त्या टीमला हिच्या जोडीला टाकलं. या स्पर्धांचं हे वैशिष्ट्य बाहेरच्यांना माहीत नसतं. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन 1992 पासून चालते. तिच्या आताच्या स्वरूपात तीन टीम विरुद्ध तीन टीम असा साधारण अडीच मिनिटांचा सामना होतो आणि पात्रता फेरीत कोण कुणाच्या बाजूने खेळणार हे प्रत्येक वेळी बदलतं. मघाचा प्रतिस्पर्धी आता भागीदार. त्या सामन्यात पट्टी तुटली, त्यांचा इनटेक लटकला आणि तिघेही हरले. झोप उडाली होती ती या रात्रीपासून. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

चोरीचा राग होताच. पण त्याखाली ‘मी गप्प बसले’ याची टोचणी होती, आणि ती झाकायला राग कामी येत होता. ते लबाड आहेत, हे जितकं पक्कं तितकं आपलं गप्प बसणं माफ. कापड, पासवर्ड, फितुरीचा आरोप, सगळं त्यातूनच वाढत गेलं. हे मी तिला एकदम ऐकवलं नाही. त्या क्षणी बरं वाटणं माणसाला साजेसं आहे, एवढंच म्हटलं. सोळाव्या वर्षी संतपणाची अपेक्षा कुणी करू नये. ज्यांच्याकडून ती करावी अशी मोठी माणसंसुद्धा फारशी सापडत नाहीत.

पुढच्या भेटींत आम्ही एका प्रश्नावर बराच वेळ घालवला: तुला नक्की काय हवं होतं? त्यांनी इनटेक काढून टाकावा? नाही. त्यांनी हरावं? आधी हो, मग नाही. शेवटी म्हणाली, "कुणीतरी म्हणायला हवं होतं की हे हिचं आहे." माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक मुलांचं गाऱ्हाणं इथेच येऊन थांबतं. कल्पना गेली याचं दुःख कमी असतं, नाव गेलं याचं जास्त. आणि गुप्ततेने नाव मिळत नाही, उलट आपलं होतं हे सिद्ध करायची जागाच उरत नाही. तारीख असलेला तो व्हिडिओ आणि तिची इंजिनिअरिंग नोटबुक, म्हणजे डिझाइनच्या नोंदींची वही, हाच तिच्या श्रेयाचा पुरावा होता. तोच ती पुसायला निघाली होती.

गुप्ततेचा आणखी एक तोटा तिनेच मोजला. बाद फेरीआधी वरच्या क्रमांकाच्या टीम आपले भागीदार निवडतात. त्यासाठी त्यांची मुलं पिटमध्ये फिरून विचारपूस करतात, स्काउटिंग करतात. कापडाखाली झाकलेल्या, प्रश्नांना तुटक उत्तरं देणाऱ्या टीमला कोण आपल्यासोबत घेईल?

तरी सगळं जगजाहीर करा, असा माझा सल्ला नव्हता. पहिल्या स्पर्धेपर्यंत एखादी युक्ती टीमपुरती ठेवणं हा डावाचा भाग आहे, त्यात काहीच वाईट नाही. फक्त तो निर्णय टीमने मिळून, आधी आणि मुदत घालून घ्यावा. तिच्या टीममध्ये असं काही ठरलेलंच नव्हतं. फोटो पाठवणाऱ्या मुलाने कुठलाही नियम मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता. हे उमगल्यावर ती त्याच्याकडे जाऊन माफी मागून आली. तो टीममध्ये परतला नाही. आता एकमेकांशी बोलतात, इतकंच.

त्या दुसऱ्या टीमला तिने मेसेज लिहिला. मसुदा आम्ही मिळून केला, कारण पहिला मसुदा आरोपपत्र होता. राहिलं ते थोडक्यात असं: तुमच्या पट्टीला तडे थ्रेडलॉकरमुळे जातात, नायलॉक नट लावा, आणि आमच्या व्हिडिओतून काही घेतलं असेल तर तुमच्या नोटबुकमध्ये तसं नमूद करा. उत्तर यायला वेळ लागला. त्यांनी नट बदलले होते, आभार मानले होते आणि लिहिलं होतं की ‘आम्ही तुमचा आणि आणखी दोन टीमचे व्हिडिओ पाहिले होते, तिघांचीही नोंद करतो.’ आणखी दोन या शब्दांवर ती भडकली. "पट्टी माझीच आहे!" मला हसू आलं, तिलाही आलं. पण झोप लागायला लागली होती.

नक्कल करणारी मुलंही येतात माझ्याकडे, त्यांच्याबद्दलही थोडं. व्हेक्स नावाच्या दुसऱ्या एका रोबोटिक्स स्पर्धेतल्या पट्ट्यांना अर्ध्या इंचाच्या अंतराने भोकं असतात, त्यामुळे फोटोतली भोकं मोजत गेलं की अख्खा रोबोट तंतोतंत उतरवता येतो. मुलं त्याला ‘होल काउंट’ म्हणतात. असा रोबोट घेऊन जिंकत आलेला एक मुलगा परीक्षकांच्या मुलाखतीच्या विचारानेच घामाघूम व्हायचा. हा गिअर रेशो का निवडलास, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला मी रोबोट मोडायला सांगितलं नाही. एकच भाग निवड, तो बदल, काय बिघडतं ते लिहून ठेव, म्हटलं. नक्कल ही शिकण्याची जुनी पायरी आहे, त्याच पायरीवर मुक्काम ठोकला की मात्र अशी धास्ती बसते.

राहिले वडील. त्यांना आयोजकांकडे तक्रार करायची होती, पेटंटचीही चौकशी करायची होती. मी वकील नाही, पण ढोबळ गोष्टी सांगितल्या. कॉपीराइट रेखाचित्राला, कॅड फाइलला, कोडला मिळतो. चेंडू ओढण्याच्या कल्पनेला मिळत नाही. पेटंट घ्यायचंच असेल तर आधी अर्ज करायचा, मग दाखवायचं. अमेरिकेत उघड केल्यावर वर्षभराची सवलत आहे, पण पुष्कळ देशांत एकदा जाहीर केलं की ती गोष्ट नवी धरली जात नाही. कुणी ड्राइव्हमध्ये शिरून फाइल उचलली, किंवा लायसन्समध्ये नाव ठेवण्याची अट असलेला कोड घेऊन नाव खोडलं, तर तक्रार जरूर करा आणि नियमपुस्तकातलं कलम दाखवून करा. खुला व्हिडिओ बघून पट्टी कापली, याला तक्रारीत बसवणं अवघड आहे. त्यांनी नियमपुस्तक नेऊन वाचलं. मग मला फोन करून विचारलं, "परीक्षक मुलाखत घेतात तेव्हा ती तड्याची गोष्ट तिने सांगितली तर चालेल का?"

चालेल काय, मी म्हटलं, तीच तर सांगू द्या.