इटलीत वाट विचारताना

अनेक आशीर्वाद.

दहा दिवसांच्या सहलीसाठी अख्खी इटालियन शिकायच्या नादी लागू नकोस. पाच-सहा प्रश्न पाठ कर, पण असे की त्यांचं उत्तर तुला कळेल. घोडं तिथेच अडतं. प्रश्न झोकात विचारला जातो, समोरचा अर्धा मिनिट भराभर बोलतो आणि आपण नुसती मान डोलावतो.

आधी उच्चार. आपल्या जिभेला ही भाषा जड जाणार नाही. त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. ट-ड काढू नकोस. चौकाला 'प्यात्सा' म्हणतात, त्यातला 'त्सा' म्हणजे आपल्या चाकातला चा. 'स्कूझी' म्हणजे 'माफ करा', त्यातला झ झाडातला. जोडाक्षरावर मात्र जोर हवाच: 'सेत्ते' म्हणजे सात, 'सेते' म्हणजे तहान. पाटी इंग्रजीसारखी वाचलीस तर फसशील. सी-एच दिसलं की क म्हणायचं. चर्च म्हणजे 'क्येझा', बंद म्हणजे 'क्यूझो'. आणि कानावर 'चे' पडलं, तर त्याचा अर्थ 'आहे'.

सुरुवात 'ब्वोन्जोर्नो'ने, दुपार कलल्यावर 'ब्वोनासेरा'ने. मग 'स्कूझी'. अनोळखी वडीलधाऱ्याला 'स्कूझा' म्हणणं म्हणजे सरळ अरे-तुरे.

'कोझा चे दा वेदेरे क्वी?', म्हणजे इथे बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न सगळ्यांना आवडतो. मी तो शेवटी ठेवेन, कारण उत्तरादाखल व्याख्यान मिळतं. त्यापेक्षा ठिकाणाचं नाव घे: 'दोवे इल कोलोस्सेओ?', म्हणजे कोलोसियम कुठे आहे? ठिकाण अनेकवचनी असेल तर 'दोवे सोनो इ मुझेई वातिकानी?', म्हणजे व्हॅटिकनची संग्रहालयं कुठे आहेत? लगेच हात दाखवून विचार, 'आ देस्त्रा ओ आ सिनीस्त्रा?' उजवीकडे की डावीकडे? उत्तर एका शब्दात येतं. फक्त 'देस्त्रा' आणि 'द्रित्तो' यांत घोटाळा होतो. दुसऱ्याचा अर्थ सरळ. शब्दाचा शेवट ऐक, त्रा की त्तो. चालत जाता येईल का, हे 'सि प्वो आंदारे आ प्येदी?' समोरचा फारच भरधाव सुटला तर 'प्यू लेन्तामेन्ते, पेर फावोरे', जरा सावकाश.

वेळ विचारताना 'आ के ओरा क्यूदे?', म्हणजे किती वाजता बंद होतं, एवढ्यावर थांबू नकोस. शेवटचा प्रवेश त्याच्या आधीच संपतो, म्हणून 'आ के ओरा ए लुल्तिमो इंग्रेस्सो?' असं विचार. उत्तरात 'दिचास्सेत्ते' आलं तर ते 17, म्हणजे संध्याकाळचे पाच. आकडा कळला नाही तर फोन पुढे करून टाइप करून घे, त्यात लाज कसली! वारही बघ: फिरेन्झेची, म्हणजे फ्लॉरेन्सची, उफ्फीत्सी ही चित्रांची गॅलरी सोमवारी बंद असते, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद.

आगाऊ आरक्षण लागतं का, हे 'बिझोन्या प्रेनोतारे?' मिलानमध्ये लिओनार्दो द विंचीचं 'द लास्ट सपर' हे भित्तिचित्र बघायचं असेल, तर 'इल चेनाकोलो' अशा नावाने विचार. पण तिथे हा प्रश्न दारात विचारून उपयोग नाही. आरक्षण आधीच लागतं आणि आत जेमतेम 15 मिनिटं मिळतात.

कळावे.