रापण सोडून खाडीत खेकडे पाळावेत का?

प्रश्न : आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जगत आले आहे, पण हल्ली दिवसभर रापण ओढूनही वाट्याला जेमतेम कालवणापुरती मासळी येते. पत्नीच्या बचत गटाला कोणीतरी खाडीत खेकडेपालन करण्याचे सुचवले आहे. त्यासाठी होडी विकून भांडवल उभे करावे का?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : होडी विकू नये. खेकड्याला भाव चांगला मिळतो हे खरे. परंतु वाढताना तो कवच टाकतो, नवे कवच घट्ट होईपर्यंत मऊ राहतो आणि नेमक्या त्या वेळी शेजारचाच खेकडा त्याला खातो. त्यामुळे सोडलेले सगळे बीज कधीच हाती लागत नाही. बीजासाठी तमिळनाडूतील राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणांकडे पाहावे लागते आणि चारा म्हणून स्वस्तातली मासळी रोज विकत घ्यावी लागते. ज्या समुद्राने तुमची रापण रिकामी ठेवली, त्याच समुद्रातून हा चारा यायचा, हा हिशेब सुचवणारे सहसा मांडत नाहीत. शिवाय खेकड्यांच्या तळ्यासाठी कांदळवन तोडणे हा गुन्हा आहे आणि मासळीची पिल्ले वाढतात ती तिथेच.

गटाला खाडीतच काही करायचे असेल, तर आधी शिनाण्यांचा, म्हणजे खडकांना चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांचा, विचार करावा. शिनाण्यांना चारा घालावा लागत नाही; पाण्यातले सूक्ष्म प्लवंग (तरंगते जीव) गाळून ती वाढतात. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात पडन्नाच्या परिसरात महिलांचे गट १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम करत आहेत. खडकावरून काढलेले बोटाच्या पेराएवढे बीज जाड दोराभोवती पसरून त्यावर मच्छरदाणीचे सुती कापड गुंडाळून शिवतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते दोर बांबूच्या मांडवाला खाडीत टांगतात. काही दिवसांत शिनाणी आपल्या तंतूंनी दोराला पकडतात आणि तोवर कापड कुजून गळून जाते. (कापड नायलॉनचे घेतले तर ते कुजत नाही, काटकसर करायची ती इथे नव्हे.)

पाच-सहा महिन्यांत, म्हणजे मे संपण्याआधी, माल काढावाच लागतो, कारण पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरले की क्षारता घसरते आणि शिनाणी मरतात. ही अडचण वाटली तरी तुमच्या सोयीची आहे : यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तुमची रापणही खवळलेल्या समुद्रामुळे थांबते, आणि त्या रिकाम्या महिन्यांच्या तोंडावर गटाच्या हाती पैसे येतात.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना मान्य खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, तर सर्वसाधारण गटातील पुरुषांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. म्हणून अर्ज पत्नीच्या गटाच्या नावे करावा. मात्र अनुदान बहुधा काम झाल्यावर मिळते, तेव्हा पहिल्या वर्षी पदरच्या पैशांतून झेपतील तेवढेच दोर टांगावेत. जागा निवडताना गावाचे सांडपाणी खाडीला कुठे येऊन मिळते ते ओहोटीच्या वेळी स्वतः पाहून यावे, कारण शिनाणी पाण्यातली घाणही तशीच गाळून पोटात साठवतात. विक्रीपूर्वी त्यांना एक दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवण्याची सोयही आधीच करून ठेवावी.