‘तुला हवं ते कर’ म्हणणारा नवरा

प्रश्न : माझं वय ३१. मोठं मूल चार वर्षांचं, धाकटं सात महिन्यांचं. तिसरं नको, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. पहिल्या बाळंतपणानंतर मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. डोकं भयंकर दुखायचं, त्याच्या थोडं आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसायच्या, म्हणून गोळ्या सोडल्या. मग आम्ही ‘सांभाळून’ राहायला लागलो आणि त्यातच दुसऱ्या वेळी दिवस राहिले. सध्या बाळ अंगावर पितं, पाळी आलेली नाही, त्यामुळे तूर्त काळजी नाही. नवरा चांगला आहे, मुलांचं सगळं करतो. पण हा विषय काढला की म्हणतो, ‘तुला हवं ते कर, माझी काही हरकत नाही.’ हे ऐकून बरं वाटायला हवं, पण मला फार एकटं वाटतं. त्याला यात कसं घेऊ?

उत्तर : नवऱ्याकडे येतेच, पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी आधी घेते, कारण त्या थांबणाऱ्या नाहीत.

पहिली, ‘तूर्त काळजी नाही’ ही. अंगावर पाजण्यानं पाळणा लांबतो, पण त्याला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध पिणारं हवं आणि पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही एकदम पाळल्या गेल्या तरच. तुमचं बाळ सात महिन्यांचं आहे. शिवाय बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी एकदाही न येता दिवस राहिलेल्या बायका मी पाहते. तेव्हा आजपासून कंडोम. आणि गेल्या काही दिवसांत संबंध आले असतील, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.

दुसरी, त्या नागमोडी रेषा. वर्णनावरून ती ऑरा (म्हणजे डोकं दुखण्याआधी दिसणाऱ्या अशा रेषा) असलेली अर्धशिशी वाटते. तशी असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या मिश्र गोळ्या तुमच्यासाठी नाहीत, कोणत्याही वयात. त्यांनी मेंदूच्या पक्षाघाताचा धोका वाढतो. पुढे ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना हे स्वतःहून सांगा. तांबी चालेल, तिच्यात हार्मोन नसतं आणि आता मिळणाऱ्या काही प्रकारच्या तांबी दहा वर्षं टिकतात. पहिले काही महिने पाळी जास्त जाते आणि पोटात दुखतं, हे मात्र माहीत असू द्या.

आता नवरा. त्यांची ‘हरकत नाही’, पण तुम्ही परवानगी मागितलीच कुठे होती? तुम्हाला सोबत हवी आहे. माझ्या खोलीबाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेले असे अनेक भले नवरे असतात. आत बोलावून ‘हिची शेवटची पाळी कधी आली?’ असं विचारलं, की ते बायकोच्या तोंडाकडे बघतात. वाईट हेतू नसतो. त्यांना आजवर कुणी हे विचारलेलंच नसतं. संततिनियमनाची माहिती बायकांना द्यायची आणि पुरुषांनी फक्त आडवं येऊ नये, एवढीच अपेक्षा आपण डॉक्टरांनीसुद्धा ठेवली, त्याचं हे फळ.

म्हणून त्यांना मत विचारू नका, काम द्या. ‘तुला काय वाटतं?’ याला ‘तुला हवं ते कर’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी सांगा: डॉक्टरांची वेळ तू घे, आत माझ्याबरोबर बस, माझ्या डोकेदुखीचं तू सांग, कारण त्या वेळी अंधाऱ्या खोलीत पडलेल्या मला तू बघितलं आहेस. मी तांबी बसवली, तर पहिल्या महिन्यांतला त्रास तू लिहून ठेव. कंडोम आणणं, संपण्याआधी आणणं, हे पूर्णपणे तुझं. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण कंडोमवर विसंबलेल्या १०० जोडप्यांमागे वर्षभरात सुमारे १३ जणींना दिवस राहतात. दर वेळी आणि नीट वापरणाऱ्यांत हा आकडा २ वर येतो. मधला फरक बराचसा ‘आज राहू दे’ आणि ‘घरात नव्हते’ यांचा असतो. तुमच्या ‘सांभाळण्या’चा हिशेब तर कंडोमपेक्षाही वाईट निघतो, तो तुम्हाला कळलाच आहे.

विषय रात्री अंथरुणात काढू नका. तिथे प्रत्येक वाक्य नकारासारखं ऐकू येतं. दोघं चालत असताना, बाळाचे कपडे घड्या घालताना काढा. आणि तिसरं मूल नक्की नको असेल, तर शस्त्रक्रिया कुणाची, हा प्रश्न सरळ विचारा. ‘अर्थात माझीच’ असं गृहीत धरून तुम्हीच त्यांना मोकळं करू नका. शेवटचा शब्द मात्र ज्याच्या शरीरावर उपाय होणार त्याचा: तांबीबाबत तुमचा, नसबंदीबाबत त्यांचा.

तुमच्या पत्रात तसं काही नाही, तरी हे वाचणाऱ्या एखादीसाठी लिहिते: नवरा गोळ्या फेकून देत असेल, कंडोमला नकार देऊन बळजबरी करत असेल, मारत असेल, तर यातला एकही सल्ला तुमच्यासाठी नाही. डॉक्टरांना एकटीनं भेटा आणि हे सांगा. दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन घरात कुठे ठेवावं लागत नाही, फक्त त्यानं पाळी अनियमित होते. तांबीचे दोरे नवऱ्याला कळू नयेत म्हणून आखूड कापून मागता येतात.

प्रश्न : (हे पत्र एका नवऱ्याचं आहे, म्हणून मुद्दाम शेजारी छापतोय.) बायकोनं दोन बाळंतपणं काढली, आता शस्त्रक्रिया मी करून घ्यावी असं मला वाटतं. मित्र म्हणतात, ताकद जाते, ‘ते’ राहत नाही. खरं काय?

उत्तर : पुरुषी हार्मोन वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात जातं. नसबंदीत कापतात ती शुक्रजंतू वाहून नेणारी बारीक नळी. हार्मोनचा तिच्याशी संबंध नाही. इच्छा, ताठरता, दाढीमिशा, वजन उचलायची ताकद, सगळं जागच्या जागी. वीर्यही येतं, कारण त्यातला बहुतेक द्रव प्रोस्टेट आणि वीर्यकोशातून येतो. मित्रांपैकी किती जणांनी करून घेतली आहे, हे विचारून बघा.

बिनटाक्याची पद्धत डॉ. ली शुनछियांग यांनी चीनमध्ये १९७४ साली विकसित केली. जागा बधिर करून एका छोट्याशा छिद्रातून, साधारण अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. बायकांच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं किंवा दुर्बीण घालावी लागते, त्या मानानं ही फारच छोटी. दोनेक दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलू नका. थोडी सूज, दुखणं होतं. ताप आला किंवा सूज वाढत गेली तर लगेच दाखवा. काही जणांना नंतरही दुखत राहतं, ते थोड्यांना, पण आधी माहीत असावं. नळी पुन्हा जोडता येते, मात्र यशाची खात्री नसते. तेव्हा ‘पुढे बघू’ असं मनात असेल तर करूच नका.

आणि एक, जे बरेच जण विसरतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी तुम्ही सुरक्षित होत नाही. नळीच्या पुढच्या भागात शुक्रजंतू आधीच साठलेले असतात. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून घ्या, आणि शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हाती येईपर्यंत कंडोम वापरत राहा.