वाचकांचे प्रश्न : जहाज ला स्पेझियाला थांबते तेव्हा

प्रश्न : येत्या सप्टेंबरात आम्ही उभयता बार्सिलोनाहून निघणाऱ्या भूमध्य समुद्रातील क्रूझवर जात आहोत. त्यात एके दिवशी जहाज सकाळी 8 वाजता इटलीतील ला स्पेझिया बंदराला लागते आणि सायंकाळी 6 वाजता सुटते. तेथून जवळ असलेल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांना जोडणारी समुद्राकाठची पायवाट चालावी, अशी फार इच्छा आहे. माझे वय 67 असून मी रोज अंबाझरीला तासभर फिरतो. सौभाग्यवतींना मात्र जिना उतरताना गुडघ्यांचा त्रास होतो. जहाजाची सहल घ्यावी की आपले आपण जावे, आणि एवढ्या वेळात पाचही गावे पायी होतील का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पाचही गावे पायी होणार नाहीत, आणि ती व्हावीत असा आग्रहही आपण धरू नये. रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, व्हेर्नात्झा आणि मोंतेरोस्सो ही गावे नकाशावर एकमेकांना खेटून दिसत असली, तरी त्यांच्यामधली वाट डोंगराच्या अंगाने चढत-उतरत जाते; शिवाय मानारोला आणि कोर्निल्या यांच्यामधला किनाऱ्यालगतचा टप्पा दरड कोसळल्यापासून गेली अनेक वर्षे बंद आहे. पाच ठिकाणी उतरून पाच छायाचित्रे काढण्यापेक्षा एकच टप्पा निवांत चालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हातात वेळ किती उरतो ते पाहू, कारण दिवसाची सारी आखणी त्यावरच ठरते. जहाज 8 वाजता धक्क्याला लागले, तरी उतरण्याची परवानगी मिळून, बंदराच्या आत चालण्यास मनाई असल्याने तेथील बसने फाटकाबाहेर येईपर्यंत 9 वाजतात. जहाज 6 वाजता सुटणार म्हणजे प्रवाशांनी त्याआधी अर्धा ते एक तास परत चढलेले असावे लागते. ही वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात छापलेली असते आणि आपल्याला पाळायची आहे ती हीच. दुपारी साडेतीनच्या सुमारास ला स्पेझिया शहरात परत पोहोचायचेच, असे ठरवून मागे मोजत या. मग गावांसाठी आणि वाटेसाठी पाच-सहा तास मिळतात आणि तेवढे पुरेसे आहेत. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. सहलीच्या जादा पैशांत ही हमी असते. वेळेचा हिशेब ठेवण्याची सवय असेल, तर येथे आपले आपण जाणे मुळीच अवघड नाही.

बंदराच्या फाटकापासून ला स्पेझियाचे मुख्य रेल्वे स्थानक पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. तेथून पहिले गाव रिओमाज्जोरे आगगाडीने दहा मिनिटांच्या आत येते आणि सर्वांत दूरचे मोंतेरोस्सोही अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. मार्ग बहुतेक बोगद्यांतून जातो, त्यामुळे समुद्र खिडकीत क्षणभर चमकतो आणि लगेच अंधार होतो. रेल्वेप्रवास आणि पायवाटांचा प्रवेश असे दोन्ही मिळणारे एक दिवसाचे कार्ड येथे विकले जाते, ते घ्यावे; साधे कागदी तिकीट घेतल्यास गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घेण्यास विसरू नये, अन्यथा तिकीट असूनही दंड होतो. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात, परंतु ते आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी संप असला, तरी सकाळी 6 ते 9 आणि सायंकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक गाड्या सोडणे बंधनकारक असते, म्हणजे क्रूझच्या प्रवाशाला हवा असलेला मधला काळच नेमका कोरडा जातो. म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी, आणि संप असेल तर मुकाट्याने जहाजाची सहल घ्यावी.

आता वाटेविषयी. आपण एकटे असता तर मी मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्झा हा टप्पा सुचवला असता. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, तरी वेळ दीड ते दोन तास लागतो, कारण सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांचा लांब चढ आहे आणि पुढे वाट काही ठिकाणी इतकी अरुंद होते, की समोरून कोणी आल्यास भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. एका हाताला द्राक्षवेली आणि लिंबाच्या बागा, दुसऱ्या हाताला थेट खाली समुद्र, आणि शेवटच्या उतारावर अचानक समोर येणारे व्हेर्नात्झा : खडकावरचा गोल बुरूज, पाण्याच्या काठावर उभे असलेले सांता मार्गारिता चर्च आणि लहानशा बंदरात ओढून ठेवलेल्या होड्या. मात्र हा शेवटचा उतार ओबडधोबड दगडांचा आणि तीव्र आहे, आणि वहिनींच्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच नडणार आहे.

वाटेवर एक गोष्ट थांबून पाहावी. डोंगरउतारावर पायरीपायरीने शेते काढून त्यांना बांध घातलेले आहेत आणि ते चुना किंवा मातीचा गिलावा न वापरता नुसते दगडावर दगड बसवून रचलेले आहेत. अशा कोरड्या बांधकामाच्या कलेला युनेस्कोने 2018 साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ही गावे आणि शेजारचे पोर्तोव्हेनेरे 1997 पासून जागतिक वारसास्थळ आहेतच. दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी निथळून जाते, म्हणून बांध तगतो. शेती परवडेनाशी झाली, माणसे शहरात गेली, बांधांची डागडुजी थांबली आणि उतार सैल झाले. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला, तेव्हा व्हेर्नात्झा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्या चिखलाने आणि दगडांनी भरून गेल्या आणि माणसे दगावली. त्या हानीमागे पावसाबरोबरच हे पडीक बांधही एक कारण होते. पायवाटेसाठी शुल्क का घेतात, असे कोणी कुरकुरत विचारले, तर त्याला हे बांध दाखवावेत.

तुम्हा दोघांसाठी माझी शिफारस वेगळी आहे. रिओमाज्जोरेहून मानारोलाकडे जाणारी ‘विआ देल्लामोरे’ ही सुमारे 900 मीटरची, बहुतांशी सपाट, कड्याच्या पोटातून खोदलेली वाट 2012 साली दरड कोसळून पर्यटक जखमी झाल्यावर बंद करण्यात आली आणि तब्बल 12 वर्षांनी, 2024 च्या उन्हाळ्यात, पुन्हा खुली झाली. तिच्यासाठी वेगळे शुल्क असून प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागते. ते नागपुरातूनच करून ठेवावे. सकाळी ती वाट चालावी, मानारोलाच्या धक्क्यापलीकडील टेकाडावरून गाव पाहावे, तेथून आगगाडीने व्हेर्नात्झा गाठून जेवावे. आपल्याला चढाची हौस फारच असेल, तर वहिनींना चौकातल्या बाकावर बसवून व्हेर्नात्झाहून मोंतेरोस्सोच्या दिशेने वीस मिनिटे चढून जावे. गावाचे ते दृश्य तेवढ्या चढावरूनही दिसते. कोर्निल्या सोडून द्यावे : ते समुद्रापासून उंच वसलेले असून स्थानकापासून गावात जाण्यास 382 पायऱ्या आहेत, आणि गावातली बस दर वेळी हवी तेव्हा मिळेलच असे नाही.

चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे सँडल घालून या पायवाटांवर गेल्यास दंड होतो आणि तो 50 युरोंपासून सुरू होतो. तेव्हा पकड असलेले, आधीपासून वापरातले बूट न्यावेत. नागपूरकराला उन्हाची भीती दाखवणे हास्यास्पद आहे, पण तेथील दमटपणा आपल्या सवयीचा नाही. अंबाझरीची सपाट फेरी या वाटेसाठी उपयोगाची नाही. महिनाभर आधीपासून दर रविवारी रामटेकला अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढून-उतरून पाहा, म्हणजे गुडघे कोठे थांबवतात ते घरच्या मैदानावरच कळेल. शाकाहारी असाल, तर ‘फारिनाता’ मागावी. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भट्टीत भाजलेले हे आपल्या बेसनाच्या धिरड्याचे जाडसर भावंड आहे. हिरव्या पेस्टो चटणीत मात्र चीज असते आणि त्यासाठी बहुधा प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे द्रव्य) वापरलेले असते, हे पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमचे जहाज ला स्पेझियाला ऑक्टोबरअखेर जाणार आहे. पावसामुळे पायवाट बंद असल्यास दिवस वाया जाईल का?
— एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. हवामानखात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला की पायवाटा बंद होतात, आणि समुद्र खवळला की गावांमधल्या बोटीही थांबतात. अशा वेळी ला स्पेझियाहून बसने पोर्तोव्हेनेरेला जावे. बंदराकाठची उंच, रंगीत घरे आणि भूशिराच्या टोकावरील काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांचे सान पिएत्रो चर्च एवढे अंतर थोडेच आहे आणि पाऊस थांबल्यावर छत्री काठीसारखी वापरत सहज चालता येते. जोराचा वारा असेल तर चर्चच्या बाजूच्या खडकांवर मात्र जाऊ नये. परतीची बस रस्त्यात अडकू शकते, म्हणून ठरवलेल्या बसच्या आधीची बस धरावी, आणि दैनिक पत्रकावर छापलेला जहाजाच्या बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावा. मोबाइलची बॅटरी अशाच दिवशी संपते.